माठावरचं ताट

आमच्या माणदेशातल्या गावात अजून कुणाचा विश्वास बसत नाही की ठाणे जिल्ह्यात जंगल आहे. ठाणे म्हणजे मुंबईच, असं पारावर बसलेल्या सगळ्यांचं ठाम मत. मी सांगितलं, की तिथे सागाची पानं सुपाएवढी असतात आणि सकाळी धुक्यात समोरचा बैलसुद्धा आधी घुंगरांवरून ओळखावा लागतो, तर आमचे थोरले बंधू म्हणाले, "फौजेतून आल्यापासून हा जरा जास्तच बोलायला लागलाय." म्हणून हे लिहून काढतो आहे. बोललेलं लोक हसण्यावारी नेतात, लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचतात.

मी तिकडे गेलो तो शिकाऊ म्हणून. जिल्ह्याच्या कार्यालयात माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची कामं मार्गी लावणारा एक माणूस असतो, त्याला कल्याण संघटक म्हणतात. दाखले, ओळखपत्रं, मुलांची वसतिगृहं, दवाखाना, जमिनीची भांडणं, सगळं त्याच्या गळ्यात. या जागेसाठी माणूस फौजेतून निवृत्त झालेला लागतो, हुद्दा लागतो, संगणकाचं प्रमाणपत्र लागतं आणि मराठी टंकलेखन लागतं. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या मला पहिल्या तीन गोष्टींचं काही वाटलं नाही. टंकलेखनाच्या परीक्षेला मात्र माझ्या लेकीच्या वयाच्या पोरींच्या मधे बसून मी असा घामाघूम झालो, की तसा सीमेवरही कधी झालो नव्हतो. मग पुण्यात वर्गात बसून नियम शिकलो. आणि शेवटी पाच दिवसांचा दौरा, एका जुन्या संघटकाच्या हाताखाली, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत. रोज संध्याकाळी त्या संघटकाने दौऱ्याच्या वहीत शेरा लिहायचा आणि शेवटी सही करायची, की हा माणूस कामाचा आहे.

माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या संघटक म्हणजे सुमनताई.

शहापूर

सुमनताई मूळच्या किन्हवलीच्या. यजमान फौजेत होते, ते गेल्यावर विधवांना असलेल्या सवलतीतून त्या या कामात आल्या आणि वीस वर्षं हेच करताहेत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, डोक्यावर हेल्मेट आणि पायात बुटांऐवजी रबरी चपला. आसनगाव स्टेशनवर मला घ्यायला त्या स्कूटर घेऊन आल्या होत्या. "बसा सुभेदार," म्हणाल्या. मी म्हणालो, मी चालवतो. "रस्ता तुमाला माहीत हाय?" नव्हता. पंचवीस वर्षं लोकांना गाडीत बसवणारा मी, मुकाट्याने मागे बसलो. पुढचे पाच दिवस मी तो मुलूख त्यांच्या हेल्मेटच्या डाव्या बाजूने पाहिला.

थंडीचे दिवस. सगळीकडे धुकं होतं आणि धुक्याच्या वर माहुलीचा डोंगर, खालचा भाग नसलेला, नुसताच हवेत ठेवल्यासारखा. आमच्याकडे डोंगर जमिनीला घट्ट धरून असतात, उघडे, तांबूस, लपवायला काही नसल्यासारखे. इथला डोंगर मला सकाळभर खरा वाटला नाही. दहा वाजता धुकं उठलं आणि त्याचे पाय दिसले तेव्हा उगाच बरं वाटलं.

तालुक्याच्या सभागृहात माजी सैनिकांचा मेळावा होता. मी टेबलामागे ताठ बसलो, पुढ्यात नोंदवही, शिक्का, दोन रंगांची पेनं. माणसं आली, मागच्या बाकांवर बसली आणि एकही पुढे येईना. सुमनताई टेबलाकडे फिरकल्याच नाहीत. शेवटच्या रांगेत दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसून त्या कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलत होत्या. तासाभरात मागच्या रांगेतच सगळी कामं होऊन गेली. माझ्यासमोर फक्त किन्हवलीचे एक निवृत्त हवालदार आले, नीळ घातलेला पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची फाइल. त्यांच्या सेवापुस्तकावर आमचा शिक्का हवा होता. पुस्तक पाहिलं तर पानन् पान लॅमिनेशन केलेलं. शिक्का मारला की शाई घसरून जायची.

"पोरगा लोकलने जातो ना रोज, त्याने कल्याणात करून आणला," हवालदार अभिमानाने म्हणाले. "बोलला, बाबा, तुमचा कागद आता जन्मात भिजनार नाय."

तो खरंच भिजणार नव्हता आणि त्यावर काही उमटणारही नव्हतं. मी तीन वेळा शिक्का मारला, तीन वेळा हवालदारांनी बोटाने शाई पुसली आणि आम्ही दोघंही गंभीर राहिलो. शेवटी सुमनताईंनी येऊन एका कोऱ्या कागदावर शिक्का मारला आणि तो टाचणीने फाइलीला लावला. त्या संध्याकाळी वहीत शेरा होता : "टेबल सोडत नाहीत."

तानसा

दुसऱ्या दिवशी आम्ही तलावाच्या काठाने गेलो. कामाचं असं तिथे काही नव्हतं, वाटेवर होता म्हणून. एवढं पाणी मी एका जागी स्वस्थ पडलेलं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पाणी कायम कुठेतरी निघालेलं असतं, टँकरमधून, हंड्यातून, नाहीतर खोल बोअरच्या नळातून. इथे ते नुसतं आडवं होतं. पलीकडचं जंगल पाण्यात उलटं होतं आणि मधून एक पांढरा पक्षी पाण्यातल्या स्वतःच्याच पोटाला चिकटून उडत होता. तिथून माणूस उभा आत जाईल एवढ्या पाइपांतून ते पाणी मुंबईला जातं. पाइपांवरून शाळेची पोरं चालत होती, खाली पाणी पळतंय आणि वर पोरं निवांत.

सुमनताईंनी डबा उघडला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला मी, तांदळाची भाकरी म्हणजे आजारी माणसाचं खाणं समजायचो. पहिल्या घासाला ती तोंडात राहिलीच नाही. बिरड्याचे वाल सोललेले, एकेक अख्खा, आणि किंचित कडू. ते सोलायला किती वेळ लागतो असं विचारलं, तर म्हणाल्या, "काल रातच्याला टीव्ही बघता बघता सोलले. तुमच्या येळेचा हिशोब लावू नका सुभेदार, जेवा."

जेवून मी तिथेच गवतावर डोळे मिटले. फौजेत असताना दुपारी झोपलेलं मला आठवत नाही. पाण्याचा आवाज नव्हता, पण पाणी आहे हे डोळे मिटूनही कळत होतं. उठलो तेव्हा त्या शेजारी बसून माझ्या वहीत शेरा लिहीत होत्या. "आज बरे होते," एवढंच लिहिलं होतं.

वाडी

तिसऱ्या दिवशी मुरबाड तालुक्यात गेलो. म्हसा गावाच्या पुढे एक गाव, गावाच्या वर डोंगरात वीसेक घरांची वाडी. गावच्या सरपंचांचा अर्ज आला होता आणि त्याचं उत्तर देणं हे माझ्या प्रशिक्षणातलं माझं स्वतःचं काम होतं.

अर्ज असा. गावच्या शाळेच्या दाराशी दगडी फलक बसणार होता, गावातून आणि वाड्यांतून फौजेत गेलेल्या माणसांच्या नावांचा. सव्वीस जानेवारीला उघडायचा होता. सहा नावं पक्की. सातवं नाव वाडीतल्या गोमा आगिवलेचं. तो बारा वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको ठमाबाई म्हणते, तो मिलिटरीत होता. गावातली काही माणसं म्हणतात, तो कधीच मिलिटरीत नव्हता, तरुणपणी घरातून पळाला आणि कुठेतरी हमाली करून आठ-नऊ वर्षांनी परत आला. पुरावा एकही नाही. "तरी कळवावे."

वाडीची चढण सागाच्या जंगलातून. खाली पडलेली पानं इतकी मोठी, की पाऊल टाकलं की अख्खं जंगल बोलतं. वर पोचलो तेव्हा ठमाआजी दारात नाचणी पाखडत होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यापर्यंत लुगडं, हात सुकलेल्या फांद्यांसारखे आणि तेवढेच बळकट. आम्हाला बघून ती उठली, आत गेली, माठातून पाणी काढून तांब्या आणि पेला घेऊन आली.

"पानी घे रं आदी."

मी पाणी बाजूला ठेवलं आणि फॉर्म काढला. नाव? ठमाबाई. वय? ती हसली. पतीचं नाव?

तिने सूप पुन्हा हातात घेतलं.

फॉर्मवर त्या रकान्यापुढे कंसात छापलं होतं, अर्जदाराने स्वतः सांगावे. मी पुन्हा विचारलं. ती सुपाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज परेडच्या मैदानावरचा झाला असावा, कारण शेजारच्या घरातली कोंबडी उडाली. आजीने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "तुमच्या कागदावर हाय की. मला काय इचारता?"

मी रकान्यात लिहिलं, "अर्जदार नाव सांगत नाही."

कागदपत्रं मागितली. सेवापुस्तक होतं, टोपी होती, दोन पदकं होती, एका काळ्या पेटीत. होती म्हणजे बारा वर्षांपूर्वी होती.

"ते गेले तवा पेटी त्यांच्यासंगं दिली," आजी म्हणाली. "सरनावर."

"कागदसुद्धा?"

"त्यांचं व्हतं, त्यांना दिलं. आमच्यात तसंच करतात. दुसऱ्याचं ठेवून काय करू?"

नंबर आठवतो का, पलटण कुठली, कुणाचं पत्र, फोटो? काही नाही. बंगालाकडे लढाईला गेला होता एवढं ती सांगत होती. आल्यावर तो त्याबद्दल बोलायचा नाही, पायाने थोडा लंगडायचा आणि पहाटे उठून दाढी करायचा. डोंगरातल्या वाडीत रोज दाढी करणारा तो एकटाच.

मी खाली लिहिलं, "कागदपत्रे नाहीत. सिद्ध होत नाही." आणि पेन बंद केलं. ठमाआजीने ते पेन बंद होताना पाहिलं.

"मला पयसा नको," ती म्हणाली. "त्या दगडावर नाव पायजे. त्यांना पळपुटा बोलतात. पोराच्या लग्नात बोलले, मयतीला आले तवा बी बोलले. मी मेल्यावर कोन सांगल, नाय पळाले म्हणून?"

मी फॉर्म पिशवीत घातला. खरं म्हणजे मला लाज वाटली होती आणि लाज वाटली की माझी पाठ जास्तच ताठ होते. उठताना मघाचं पाणी एका दमात प्यालो. थंडगार आणि किंचित धुराची चव असलेलं.

उतरताना सुमनताई सागाची पानं पायाने बाजूला सारत पुढे चालल्या. मग म्हणाल्या, "पाणी आलं की आधी पाणी प्यायचं, सुभेदार. कागद पळून जात नाही. आणि बाईला नवऱ्याचं नाव विचारायचं नाही. तिने जन्मात कधी घेतलेलं नसतं ते. फॉर्म छापणाऱ्याला ठाऊक नसेल, तुम्हाला तरी असावं."

आमच्या आईनेही कधी घेतलं नव्हतं. मला ठाऊक होतं. मी विसरलो नव्हतो, मला फक्त त्या क्षणी फॉर्म जास्त खरा वाटला होता.

शेरा : "घाई."

म्हसा

चौथ्या दिवशी म्हशाची जत्रा. सुमनताईंचं म्हणणं, जत्रेत जेवढे माजी सैनिक भेटतात तेवढे मेळाव्यात भेटत नाहीत, आणि ते खरं निघालं. धुळीत सगळं पिवळं दिसत होतं. बैलांची रंगवलेली शिंगं धुळीतून आधी येत, मागून बैल. घोंगड्यांचे ढीग, मिठाईच्या दुकानांची रांग, आकाशपाळणा, आणि सगळ्यावर एक सारखा गुणगुणता आवाज, झोपेत कुणी तरी दूर बोलत असल्यासारखा. आमच्याकडच्या जत्रेत माणूस ओरडतो. इथे एवढी गर्दी असून मला सगळं संथ वाटत होतं. कदाचित मीच संथ झालो होतो. आदल्या दिवसापासून आजीचा चेहरा डोक्यातून जात नव्हता.

भांड्यांच्या दुकानात मी बायकोसाठी स्टीलचा डबा घेतला. दुकानाच्या कडेला नावं घालणारा म्हातारा बसला होता, हातात विजेची सुई, मांडीवर फडकं.

"नाव काय घालू?"

आणि माझ्या तोंडातून माझा फौजेचा नंबर बाहेर पडला. संपूर्ण, न अडखळता.

म्हाताऱ्याने वर पाहिलं. सुमनताई हसायला लागल्या. "बायकोच्या डब्यावर नंबर घालता, सुभेदार?"

मी हसलो नाही. मी तिथेच डबा हातात घेऊन उभा राहिलो. भरती झालो त्या पहिल्या संध्याकाळी कवायत शिकवणाऱ्या उस्तादने आम्हाला हातोडी आणि खिळा दिला होता. जे जे तुझं, त्यावर तुझा नंबर. पेटीवर रंगाने, कपड्यांवर शाईने, मगावर आणि ताटावर खिळ्याने ठोकून. नाव सारखं असलेली दहा माणसं असतात, नंबर एकाचाच. त्या रात्री अख्खी बराक टकटक करत होती.

"ताई," मी म्हणालो, "पेटी जाळली. पण घरात त्याचं एखादं भांडं असेल."

सुमनताईंचं हसू थांबलं. "आपण तिथे पाणी प्यालो," त्या म्हणाल्या. "तांब्यावर काही होतं?"

मला आठवेना. मी पाणी प्यालो होतो, भांडं पाहिलं नव्हतं.

पुन्हा वाडी

पाचव्या दिवशी सकाळी निघालो. अर्ध्या वाटेत स्कूटर पंक्चर झाली, ती एका घराशी लावून आम्ही चालत गेलो. धुकं इतकं होतं, की वाडी आधी ऐकू आली, कोंबडे, कुऱ्हाडीचा आवाज, मग दिसली.

आजीने पाणी आणलं. मी आधी पाणी प्यालो. सावकाश, सगळं. मग तांब्या उलटा केला. त्यावर नाव होतं, पण ते तिच्या बहिणीचं, लग्नातल्या आहेराचं. पेल्यावर काहीच नव्हतं. मी दोन-तीन भांडी मागितली, टोप, वाटी, परात. काही नाही. आजी माझ्याकडे अशी बघत होती, की या माणसाला आता भांडी विकत घ्यायची आहेत की काय.

सुमनताई तिच्या शेजारी बसल्या. "आजी, बाबा कशात जेवायचे गो?"

"त्यांच्या ताटात."

"ते बी दिलं सरनावर?"

"नाय." आजी जरा ओशाळली. "ताट ठेवलं मी. घरात दुसरं धड ताट नव्हतं. आनि मेल्यावर काय जेवाया लागतंय का?"

"कुठाय ते?"

"तिथंच की. माठावर."

ते जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, खोलगट ताट होतं, माठाचं झाकण झालेलं. परवा मी प्यालो ते पाणी त्याच्याच खाली होतं. मी ते उचललं आणि उलटं केलं. चुलीच्या धुराने बूड काळं कुळकुळीत झालेलं, काही दिसत नव्हतं. मोबाइलने फोटो काढला, त्यात नुसता काळा गोल आला. मग बोट फिरवलं. कडेच्या जवळ, ओळीने, खिळ्याचे खड्डे.

"आजी, हे काय आहे?"

"ती? नक्षी हाय," आजी म्हणाली. "अंधारात हाताला कळतं त्यांचंच ताट हाय म्हणून. रोज लागते बोटाला."

मी ताट पिशवीत घालायला लागलो. सुमनताईंनी माझं मनगट धरलं.

"वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवलं?"

अस्सल कागद घरातून बाहेर न्यायचा नाही. प्रत घ्यायची.

"हा कागद नाही, ताई. ताट आहे."

"तिच्या घरात तोच कागद आहे. आणि माठावर काय झाकेल ती?"

मग मी शाळेत रुपयाच्या नाण्याचं करायचो तसं केलं. कोरा कागद ताटाच्या बुडावर धरला आणि चुलीतला कोळसा घेऊन वरून हळूहळू घासला. कागद काळा होत गेला आणि काळ्यात पांढरे ठिपके उमटले. एक आकडा, मग दुसरा. सात आकडे. शेवटची दोन शून्यं, ठोकून ठोकून गोल केलेली. विशीतला एक पोरगा बराकीत मान खाली घालून ती गोल करत बसलेला मला दिसला. माझ्या शेजारच्या खाटेवर असता तर मी त्याला म्हणालो असतो, पुरे, आता झोप.

ठमाआजी कागदाकडे बघत होती. "हे काय झालं?"

"हा बाबांचा नंबर, आजी."

"म्हंजे नक्षी नाय?"

"नाही."

तिने कागदाला हात लावला नाही. ताट घेतलं, पदराने पुसलं आणि माठावर ठेवलं. मग आत जाऊन आमच्यासाठी नाचणीच्या भाकरी थापायला बसली, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय तिने आम्हाला सोडलं नाही.

सव्वीस जानेवारी

दौरा संपला, वहीवर सुमनताईंची सही झाली, पण मी घरी गेलो नाही. नंबराच्या पहिल्या आकड्यांवरून पलटण कळते, म्हणून तो त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पाठवला, कोळशाच्या कागदाची प्रत जोडून. सुमनताईंनी सांगितलं होतं, अशा जुन्या नोंदीचं उत्तर यायला वेळ लागतो, आशा धरू नका. मी रोज फोन करत राहिलो. शेवटी तिथल्या कारकुनाने माझ्या आवाजाला कंटाळून स्वतःच उठून जुने गठ्ठे काढले असावेत. चोवीस तारखेला दुपारी उत्तर आलं. नाव, गाव, तालुका, भरती, पूर्वेकडच्या लढाईत सेवा, पायाला जखम, सन्मानाने निवृत्त. खाली एक रकाना, वर्तणूक : फार चांगली.

ते मी संध्याकाळी वाडीत जाऊन आजीला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. "फार चांगली?" म्हणाली. "मंग घरात का नाय दाखवली?" आणि पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसताच रडली.

सरपंच भला माणूस. पंचवीसला सकाळी कोरणाऱ्याला बोलावून त्यांनी खालच्या मोकळ्या जागेत सातवं नाव घालायला सांगितलं. मी म्हणालो, नावापुढे नंबरही घाला, आकडे इंग्रजीच ठेवा, फौजेत असतात तसे. सरपंच म्हणाले, "एकाचाच कसा घालू? बाकीचे सहा जण काय बोलतील?" मग बाकीच्या सहा जणांना फोन लावले. सगळे हयात. दोघे शेतात होते, एक भिवंडीला लेकाकडे, एकाला ऐकूच कमी येत होतं. नंबर विचारला आणि प्रत्येकाने जागच्या जागी, श्वास न घेता सांगितला. ऐकू न येणाऱ्याने तर दोनदा. संध्याकाळपर्यंत छिन्नी वाजत होती.

सव्वीसला सकाळी धुक्यात झेंडावंदन झालं. झेंडा वर उलगडून धुक्यात नाहीसा झाला आणि पोरं वर बघून सलाम करत राहिली. फलकावरचं कापड निघालं. सरपंच नावं वाचायला लागणार, तेवढ्यात ठमाआजी पुढे आली. हातात पिशवी. तिने पिशवीतून ताट काढलं.

कुणी तिला अडवलं नाही. तिने डाव्या हाताने ताट उलटं छातीशी धरलं, बोटं बुडावर, आणि उजवा हात दगडावर ठेवला. वरच्या ओळीवरून बोट फिरवलं. नाही. दुसरी. नाही. गाव बघत होतं, पळपुटा म्हणणारेही त्यातच होते. सातव्या ओळीवर ती थांबली. पहिला आकडा, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने. दुसरा. पाचव्यावर बोट अडलं, आणि मला वाटलं, कोरणाऱ्याने चूक केली. ती फक्त खाचेतली दगडाची भुकटी नखाने काढत होती. सहावा, शून्य. सातवा, शून्य.

"ह्योच हाय," ती म्हणाली.

मागून कुणा म्हातारीने विचारलं, "कुनाचा गो, ठमे?"

आजीचं बोट आकड्यांवरून नावाकडे सरकलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, दगडाकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोमा. गोमा आगिवले."

सरपंचांच्या हातातला कागद तसाच राहिला. सुमनताई दुसरीकडे बघत होत्या.

मी शाळेच्या पायरीवर बसून फॉर्म काढला. "सिद्ध होत नाही" खोडलं. मग वरचा, पतीच्या नावाचा रकाना शोधला, "अर्जदार नाव सांगत नाही," तेही खोडलं, आणि तिने सांगितलं तसं, तेवढंच, त्याच्यापुढे लिहिलं.